हिमोग्लोबिन कमी, पण पेशी मोठ्या: सीबीसी रिपोर्टमधली दुर्लक्षित ओळ

सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, रिपोर्ट हातात पडला की बहुतेकांची नजर पहिल्या ओळीवर जाते आणि तिथेच थांबते. हिमोग्लोबिन ८.६. झालं, घरातल्या घरात निदान होऊन जातं: रक्त कमी आहे. मग बीट, डाळिंब, खजूर, गूळ-शेंगदाणे, आणि मेडिकलमधून लोहाच्या गोळ्यांची एक पट्टी. आपल्याकडे लोहाची कमतरता इतकी सर्रास आहे की हा अंधारात मारलेला तीर पुष्कळदा लागतोही. पण त्याच पानावर चार ओळी खाली एमसीव्ही नावाचा एक आकडा असतो. तो न बघता लोह सुरू केलं की कधीकधी तीन-तीन महिने गोळ्या खाऊनही हिमोग्लोबिन जागचं हलत नाही आणि पेशंट म्हणतो, ‘मला औषधच लागू पडत नाही.’

एमसीव्ही म्हणजे एका लाल पेशीचं सरासरी आकारमान. ते फेम्टोलिटरमध्ये मोजतात. एका लिटरचे एकावर पंधरा शून्य इतके भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक फेम्टोलिटर. मोठ्या माणसात हा आकडा साधारण ८० ते १०० च्या दरम्यान असतो. ८० च्या खाली पेशी लहान, १०० च्या वर मोठ्या. हिशेबही सोपा आहे: पीसीव्हीला, म्हणजे रक्तात लाल पेशींनी व्यापलेल्या टक्क्याला, १० ने गुणायचं आणि लाल पेशींच्या संख्येने, म्हणजे दशलक्षांतल्या आकड्याने, भागायचं.

दोन रिपोर्ट शेजारी ठेवून बघू. दोघांचंही हिमोग्लोबिन ८.६. पहिल्याचा पीसीव्ही २८ आणि लाल पेशी ४.२ दशलक्ष. एमसीव्ही येतो ६७ च्या आसपास. दुसऱ्याचा पीसीव्ही २६ आणि लाल पेशी फक्त २.१ दशलक्ष. एमसीव्ही जवळजवळ १२४. दोघांनाही जिना चढताना धाप लागते, दोघंही पांढरेफटक दिसतात. पण पहिल्याच्या अंगात भरपूर पेशी आहेत, फक्त त्या खुरट्या आहेत. त्याला बहुधा लोह हवं आहे. दुसऱ्याकडे पेशी निम्म्याच आहेत आणि त्यातली प्रत्येक अवाढव्य आहे. त्याला नुसतं लोह देऊन काही उपयोग नाही. हा लेख या दुसऱ्या माणसाबद्दल आहे.

मोठी पेशी म्हणजे चांगलंच की, जास्त माल भरलेली, असं वाटणं साहजिक आहे. पण ती मोठी होते ती वेळेवर विभागली न गेल्यामुळे. लाल पेशी हाडांच्या मगजात (बोन मॅरोमध्ये) तयार होतात. तिथे मूळ पेशी एकाच्या दोन, दोनाच्या चार अशा विभागत जातात आणि दर विभागणीला आकाराने लहान होतात. शेवटी केंद्रक बाहेर टाकून देतात आणि साधारण १२० दिवसांच्या नोकरीसाठी रक्तात उतरतात. प्रत्येक विभागणीआधी डीएनएची संपूर्ण नक्कल तयार व्हावी लागते. त्या नकलेसाठी दोन जीवनसत्त्वं लागतातच: फोलेट आणि बी-१२. यातलं एक जरी कमी पडलं तरी केंद्रकाचं काम रखडतं. बाकीच्या पेशीला मात्र त्याचं सोयरसुतक नसतं. ती आपली वाढत राहते, हिमोग्लोबिन भरत राहते. पीठ मळून तयार आहे, फुगतंही आहे, पण गोळे तोडणारा हातच अडकून पडला तर शेवटी परातीतून ज्या निघतील त्या भाकरी थोड्या आणि जाडजूड असणार. तसंच इथे होतं. शिवाय अशा बेढब पेशींपैकी पुष्कळशा मगजातच मरून जातात, रक्तापर्यंत पोचतच नाहीत.

या मरणाऱ्या पेशींचा माग रक्तात सापडतो. एलडीएच नावाची तपासणी खूप वाढलेली येते. फुटलेल्या पेशींतून बिलिरुबिन सुटतं, डोळ्यांत किंचित पिवळेपणा येतो. पांढरेपणावर पिवळी झाक चढली की चेहऱ्याचा रंग फिक्या लिंबासारखा दिसतो. आपल्याकडे पिवळे डोळे म्हणजे कावीळ हे समीकरण पक्कं असल्याने असे पेशंट आधी काविळीचं औषध घेऊन, पथ्य म्हणून दूधही बंद करून मग आमच्याकडे येतात. म्हणजे बी-१२ चा होता नव्हता तो एक आधारही त्यांनी स्वतःच तोडलेला असतो.

मशीनने एमसीव्ही १२० सांगितला तरी आम्ही लॅबवाले काच बघितल्याशिवाय पुढे जात नाही. रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. नेहमीची लाल पेशी सात-आठ मायक्रॉन रुंद असते, छोट्या लिम्फोसाइटच्या (हा पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) केंद्रकाएवढी. तीच आमची फूटपट्टी. या रुग्णाच्या काचेवर लाल पेशी त्या केंद्रकाहून ठळकपणे मोठ्या दिसतात. गोल नाहीत, अंड्यासारख्या लांबट. मधला फिकट ठिपका जवळजवळ नाहीसा झालेला. मग नजर पांढऱ्या पेशींकडे वळते. न्यूट्रोफिलच्या केंद्रकाला एरवी तीन-चार पाळ्या असतात. इथे पाच, सहा, कधी सात. सहा पाळ्यांची एक पेशी जरी दिसली तरी निदान बरंचसं हातात येतं. डीएनएचा तुटवडा फक्त लाल पेशींना जाणवतो असं थोडंच आहे. जिथे जिथे पेशी भराभर विभागतात तिथे तो जाणवतो. म्हणून जीभ सोलल्यासारखी लाल, गुळगुळीत होते, तिखट सहन होत नाही. आजार फार पुढे गेला असेल तर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटही घसरतात. तिन्ही आकडे कमी पाहून घरच्यांना ब्लड कॅन्सरची धास्ती बसते आणि शेवटी निघतो तो काही रुपयांच्या इंजेक्शनने बरा होणारा आजार. आमच्या कामातल्या चांगल्या बातम्यांपैकी ही एक.

हे सगळं उलगडण्यात मुंबईचा मोठा वाटा आहे, आणि ते आपल्यालाच फारसं माहीत नाही. १९२८ मध्ये ल्युसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर मुंबईत आली. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये राहून गरोदर बायकांमधल्या एका जीवघेण्या ॲनिमियाचा शोध घेणं हे तिचं काम. गिरण्यांत काम करणाऱ्या, गरिबीत राहणाऱ्या बायका गरोदरपणात एकाएकी पांढऱ्याफटक पडत. पेशी मोठ्या, हिमोग्लोबिन तळाला, आणि त्यातल्या कित्येक बाळंतपणात दगावत. जंतूंचा काही प्रकार असेल अशी शंका होती, पण तपासात तसं काही सापडेना. मग तिने त्या काय खातात हे पाहायला सुरुवात केली. ज्यांच्या ताटात भाजी, फळं, दूध, मांस यातलं जवळजवळ काहीच नव्हतं त्यांच्यातच हा आजार जास्त होता.

तोवर मोठ्या पेशींच्या एका वेगळ्या ॲनिमियावर उपाय निघाला होता. लंडनच्या थॉमस ॲडिसनने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात वर्णन केलेला हा आजार, म्हणजे पर्निशस ॲनिमिया, हमखास मारणारा मानला जाई. १९२६ मध्ये बोस्टनच्या मिनो आणि मर्फी यांनी दाखवून दिलं की रोज पाव किलोपर्यंत लिव्हर, तीही अर्धीकच्ची, खायला घातली तर हे रुग्ण जगतात. (व्हिपल यांच्यासह त्यांना १९३४ चं नोबेल मिळालं. ते ताट रोज संपवणाऱ्या रुग्णांनाही एखादं मिळायला हवं होतं.) पण लिव्हरचा अर्क महाग. मुंबईच्या गिरणगावात तो कोणाला परवडणार?

विल्सने आधी उंदरांवर प्रयोग केले. तिथे उवांमधून पसरणाऱ्या एका जंतूने घोळ घातला, कारण उंदरांचा ॲनिमिया बऱ्याच अंशी त्याच्यामुळे होता. माकडांवरचे प्रयोग जास्त उपयोगी ठरले. यीस्टचा अर्क देऊन बघितला तर गुण येत होता. असा अर्क बाजारात तयार मिळत होता: मार्माइट, इंग्रज लोक पावाला लावून खातात तो काळा, खारट, चिकट पदार्थ. स्वस्त आणि बाटलीबंद. गरोदर बायकांना तो दिल्यावर काही दिवसांत रक्त सुधारायला लागलं. १९३१ मध्ये तिने हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं. त्या अनोळखी गुणकारी घटकाला पुढे बरीच वर्षं ‘विल्स फॅक्टर’ म्हणत.

१९३७ मध्ये तिने आणखी एक गोष्ट दाखवली, आणि माझ्या मते खरी हुशारी तिथे आहे. साधा लिव्हरचा अर्क या बायकांना लागू पडत होता. पण ॲडिसनच्या आजारावर अचूक काम करणारा शुद्ध केलेला अर्क मात्र यांच्यावर फोल ठरत होता. म्हणजे लिव्हरमध्ये दोन वेगळे पदार्थ असले पाहिजेत आणि शुद्ध करताना त्यातला एक निघून जात असला पाहिजे. पेशी दोन्हीकडे सारख्याच मोठ्या, पण उणीव वेगळी.

पहिला पदार्थ १९४१ मध्ये अमेरिकेत हाती लागला, चार टन पालकातून. ते फोलिक ॲसिड, फोलेटचंच एक रूप. १९४५ च्या सुमारास ते कारखान्यात बनवण्याची पद्धत लेडर्ले कंपनीत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटाने काढली. सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे. त्याच गटाने फोलिक ॲसिडच्या कामात मोडता घालणारी औषधंही तयार केली, ज्यांच्यातून मेथोट्रेक्सेट आलं. कॅन्सरच्या पेशीही भराभर विभागतात, त्यांना फोलेट मिळू दिलं नाही की त्या अडतात, हा त्यामागचा विचार. आज संधिवाताच्या हजारो रुग्णांना आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटची गोळी असते आणि सोबत फोलिक ॲसिड. ती जोडगोळी का, हे आता लक्षात येईल. दुसरा पदार्थ म्हणजे बी-१२. तो १९४८ मध्ये अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये जवळजवळ एकाच वेळी वेगळा काढला गेला. त्याच्या पोटात कोबाल्ट असतो, आणि म्हणूनच त्याचं इंजेक्शन लालभडक दिसतं. त्या रंगामुळे ‘डॉक्टरांनी रक्ताचं इंजेक्शन दिलं’ असं सांगणारे आजही भेटतात.

दोघांचं काम एकमेकांत गुंतलेलं असलं तरी स्वभाव वेगळे आहेत. फोलेट हिरव्या पालेभाज्या, डाळी, कडधान्यं, फळं यांत असतं. फार शिजवलं की बरंचसं जातं. शरीरातला साठा तीन-चार महिन्यांचा. गरोदरपणात मागणी एकदम वाढते, म्हणून विल्सच्या बायका त्याच काळात कोसळत. बी-१२ वनस्पती बनवतच नाहीत. ते जंतू बनवतात, आणि आपल्याला मिळतं ते दूध-दही, अंडी, मासे, मटण यांतून. रोजची गरज इनमीन दोन-अडीच मायक्रोग्रॅम. यकृतात काही वर्षांची बेगमी असते. त्यामुळे आज कोणी दूधदुभतं सोडलं तर त्याचा परिणाम दिसायला तीन-चार वर्षं सहज जातात आणि तोवर कारण विसरलेलं असतं.

बी-१२ चा पोटातला प्रवासही लांबलचक आहे. जठरातलं आम्ल ते अन्नातून सुटं करतं. जठराच्या अस्तरातून झिरपणारं एक प्रथिन त्याचा हात धरतं. ही जोडी लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकाला पोचली की मगच ते रक्तात शिरतं. या वाटेवर कुठेही अडथळा आला तरी खाल्लेलं अंगी लागत नाही. ॲडिसनच्या आजारात शरीर स्वतःच्याच जठरावर उलटतं आणि ते प्रथिन बनणं बंद होतं. जठराचं ऑपरेशन, आतड्याच्या टोकाचा टीबी, वर्षानुवर्षं घेतलेल्या ॲसिडिटीच्या गोळ्या, डायबिटीससाठी घेतलेलं मेटफॉर्मिन हे सगळे याच वाटेवरचे अडथळे. मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीची गोळी, दोन्ही दहा वर्षं चालू, वर शाकाहार: असे काका-काकू आपल्या प्रत्येक सोसायटीत आहेत. त्यांच्या तळपायाच्या मुंग्या सरसकट शुगरच्या खात्यावर टाकल्या जातात.

पुण्यात केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास छापला. खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले. एकूण ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी होतं. सगळ्यांत वाईट स्थिती कोणाची? शहरी मध्यमवर्गाची, ८१ टक्के. सुखवस्तू घरातही ही उणीव असते हे पचायला जड जातं. पण चहात दोन चमचे दूध आणि जेवणात वाटीभर पातळ ताक एवढाच जर प्राण्यांपासून मिळणारा आहार असेल तर हिशेब जुळणार कुठून? कपभर दुधात साधारण एक मायक्रोग्रॅम बी-१२ असतं, अंड्यात त्याच्या निम्मं. त्याउलट बांगडा, तिसऱ्या, कलेजी यांत ते भरपूर. मोड आलेल्या मुगातून, इडलीच्या आंबलेल्या पिठातून किंवा स्पिरुलिनातून बी-१२ भरून निघतं असं व्हॉट्सॲपवर फिरत असतं. त्यावर विसंबू नये. स्पिरुलिनात जे सापडतं ते बहुतांशी बी-१२ सारखं दिसणारं, पण माणसाच्या शरीराला निरुपयोगी.

मग इतक्या लोकांत बी-१२ कमी असताना सगळ्यांच्याच पेशी मोठ्या का दिसत नाहीत? एक तर उणीव बेताची असेल तर रक्त पुष्कळ काळ तग धरतं. दुसरं, आपल्याकडे लोहाची उणीव सोबतीला असते. लोह कमी म्हणून पेशी लहान, बी-१२ कमी म्हणून मोठ्या, आणि मशीन सरासरी काढून सांगतं: ८८, नॉर्मल! थॅलेसेमिया मायनर, म्हणजे पेशी लहान ठेवणारा आनुवंशिक दोष, असेल तरी अशीच फसगत होते. अशा वेळी आरडीडब्ल्यू हा आकडा बघावा. पेशींच्या आकारात किती तफावत आहे ते तो सांगतो, आणि दोन उणिवा एकत्र असल्या की तो चढलेला असतो. काचेवर तर खुरट्या आणि अजस्र पेशी शेजारी शेजारी बसलेल्या दिसतात.

आता सगळ्यांत धोक्याची गोष्ट. बी-१२ कमी असलेल्या माणसाला एकटं फोलिक ॲसिड भरपूर दिलं तर रक्त सुधारतं. पेशी लहान होतात, हिमोग्लोबिन चढतं, सगळे खूश. पण बी-१२ चं आणखी एक काम आहे जे फोलेट करू शकत नाही: मज्जातंतूंवरचं आवरण टिकवणं. ते बिघडत राहतं. आधी पायाला मुंग्या, मग पाय गादीवर पडल्यासारखा वाटतो, अंधारात तोल जातो, चप्पल पायातून कधी निसटली ते कळत नाही. विसरभोळेपणा, चिडचिड, कधी भ्रमसुद्धा. उशीर झाला तर यातलं काही कायमचं राहतं. सरकारी योजनेत गरोदर स्त्रियांना मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असतं, बी-१२ नसतं. गोळी घ्यायचीच; फक्त शाकाहारी बाईने बी-१२ चं वेगळं बघावं एवढंच. कारण आईकडे नसेल तर अंगावर पिणाऱ्या बाळाला ते मिळणार कुठून? अशी बाळं सहा महिन्यांनंतर सुस्तावतात, हसणं विसरतात, मान धरलेली सोडतात, केस विरळ-भुरे होतात, हात थरथरतात. त्यांच्या बोटांच्या पेरांवर काळपट डाग दिसतात. मोठ्यांतही ही खूण असते. उन्हाने काळवंडलंय म्हणून आपण सोडून देतो.

मोठ्या पेशी म्हणजे दर वेळी बी-१२ किंवा फोलेटच असं नाही. रोजची दारू हे फार मोठं कारण. त्यात एमसीव्ही बहुधा १०० ते ११० मध्ये रेंगाळतो आणि हिमोग्लोबिन ठीकही असू शकतं. थायरॉइड मंदावलेला असणं, यकृताचे आजार, यांतही असं होतं, पण तिथे पेशी गोल असतात. विदर्भात किंवा नंदुरबारकडे सिकलसेलच्या रुग्णांना हायड्रॉक्सियुरिया चालू असतं. त्यांच्या पेशी मोठ्या होणं अपेक्षितच आहे, उलट औषध नियमित घेतलं जातंय याची ती खूण. नवजात बाळाच्या पेशी तर मुळातच मोठ्या असतात. मोठ्यांचे आकडे त्याला लावून घाबरू नये.

उपचारात एक क्रम पाळावा: आधी रक्त तपासायला द्यायचं, मग इंजेक्शन. उलट केलं, किंवा तपासणीआधी आठवडाभर मल्टिव्हिटॅमिन खाल्लं, तर बी-१२ चा आकडा फुगून येतो आणि मूळ कारण झाकलं जातं. इंजेक्शन साधारण १००० मायक्रोग्रॅमचं असतं, सुरुवातीला लागोपाठ, मग अंतराने. पोटातलं ते प्रथिन नसतानाही तोंडाने घेतलेल्या बी-१२ पैकी एक टक्क्याच्या आसपास आपोआप झिरपतं. म्हणजे १००० ची गोळी घेतली तर १० मायक्रोग्रॅम, गरजेच्या कितीतरी पट. त्यामुळे पुष्कळांचं गोळीवरही भागतं. मुंग्या किंवा तोल जाण्याची तक्रार असेल तर मात्र इंजेक्शनच बरं.

तीन-चार दिवसांत मगज जागा होतो, आठवड्याभरात नव्या कोवळ्या पेशींची संख्या शिगेला पोचते. भूक आधी परत येते, हिमोग्लोबिन नंतर. आकडा पूर्ववत व्हायला सहा ते आठ आठवडे. ॲनिमिया फार तीव्र असेल तर पहिल्या काही दिवसांत पोटॅशियम घसरू शकतं, म्हणून असा पेशंट देखरेखीखाली ठेवतात. मध्येच सुधारणा अडली तर लोह तपासायचं, कारण एवढ्या नव्या पेशी घडवताना ते संपलेलं असतं. जठराचाच दोष असेल तर बी-१२ आयुष्यभर घ्यावं लागतं. आणि साठी ओलांडलेल्या माणसात बी-१२, फोलेट, थायरॉइड, यकृत सगळं व्यवस्थित, दारू नाही, पेशी मोठ्या करणारं कोणतं औषध चालू नाही, तरी पेशी मोठ्या आणि संख्या घटत चाललेली असेल, तर टॉनिकं बदलत बसू नये. रक्तविकारतज्ज्ञांकडे जाऊन हाडांच्या मगजाची तपासणी करून घ्यावी, कारण त्या वयात मगजाचाच मूळ बिघाड असू शकतो आणि तो जीवनसत्त्वांनी सुधारत नाही.